मोडेमला लिनक्स कळत नाही, आणि विंडोजही कधी कळत नव्हतं

ताई, नमस्कार. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी काही गैरसमजूत असेल तर तुम्हाला इथेच दिसेल.

तुम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जुन्या दगडी वाड्यात राहता. घरच्या डेस्कटॉपवर विंडोज १० होतं. त्याच्या नेहमीच्या सुरक्षा-अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ला थांबल्या, म्हणून दिवाळीत आलेल्या भाच्याने त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट (लिनक्स ही तशीच दुसरी, मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, मिंट हा तिचा एक प्रकार) घालून दिलं आणि तो पुण्याला परत गेला. फायबरची तार गच्चीवरून येते, भिंतीवरच्या छोट्या पांढऱ्या डब्यात, म्हणजे ज्याला लोक मोडेम म्हणतात त्यात, शिरते आणि त्या डब्यातून दुसरी तार संगणकात जाते. डब्याला अँटेना नाहीत. मिंटमध्ये खालच्या कोपऱ्यातलं चिन्ह बराच वेळ गोल फिरतं आणि मग 'कनेक्शन फेल्ड' असं येतं. फोनवर मात्र नेट चालतं. केबलवाल्याचा मुलगा येऊन बघून गेला आणि म्हणाला, "आंटीजी, ये लिनक्स-विनक्स पे नहीं चलता, विंडोज डलवा लो." आणि अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की पूर्वी संगणक लावला की एका आयकॉनवर दोनदा क्लिक करून 'कनेक्ट' दाबावं लागायचं आणि तो आयकॉन आता कुठे दिसत नाही.

उत्तर त्या शेवटच्या वाक्यातच आहे. बाकीचं सगळं वाचून मी 'तार तपासा, पोर्ट तपासा' असं काहीतरी सांगितलं असतं.

मी ग्वाल्हेरमध्येच गेली वीसेक वर्षं लोकांच्या घरचे आणि दुकानांचे संगणक, नेटवर्क सांभाळतो. 'मोडेम लिनक्सवर चालत नाही' ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता ती ऐकल्यावर माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुमच्याकडे नेटचं लॉगिन कोण करतं, डबा की संगणक? डबा करत असेल तर संगणकावर विंडोज असो, लिनक्स असो, तार खोचली की काम झालं. संगणक करत असेल तर ते लॉगिन विंडोजमध्ये कुणीतरी कधीतरी भरून ठेवलेलं असतं आणि विंडोज पुसलं की तेही पुसलं जातं. तुमच्याकडे हेच झालंय. तो आयकॉन म्हणजे तुमच्या नेटची किल्ली होती. भाच्याने घर छान रंगवून दिलं, पण खुंटीवरची किल्ली रद्दीत गेली. त्याचा दोष नाही. त्याने मिंट घालताना स्वतःच्या फोनवरून नेट घेतलं असणार, त्यामुळे ही उणीव त्याला दिसलीच नाही.

आता फोनबद्दल. डब्याला अँटेना नाहीत म्हणजे बहुधा त्यात वायफायही नाही, तर तुमचा फोन सिमच्या डेटावर चालतोय. खात्री करायला फोनमधला मोबाइल डेटा पाच मिनिटं बंद करा आणि एखादं पान उघडून बघा. ही परीक्षा मी प्रत्येक घरी करायला लावतो, कारण 'फोनवर नेट येतंय, म्हणजे लाइन ठीक आहे' या एका समजुतीपायी माझ्या कित्येक दुपारी वाया गेल्या आहेत. डेटा बंद केल्यावरही नेट चाललं, तर घरात कुठेतरी वायफाय राउटर आहे आणि माझं पुढचं बरंचसं उत्तर तुम्हाला लागू नाही. मग फक्त संगणकाची तार त्या राउटरच्या लॅन पोर्टमध्ये लावा.

त्या मुलाच्या वाक्यावर थोडं बोलतो, कारण ते तुमच्या मनात बसलेलं दिसतं. डबा आणि संगणक यांच्यामध्ये जी तार आहे तिच्यावर इथरनेट नावाची भाषा चालते. डब्याला दिसतो तो फक्त तुमच्या लॅन कार्डाचा, म्हणजे संगणकात जिथे ही तार खोचली जाते त्या भागाचा, कारखान्यात दिलेला पत्ता, ज्याला मॅक ॲड्रेस म्हणतात, आणि त्या पत्त्यावरून येणारी माहितीची पाकिटं. पलीकडे विंडोज आहे की मिंट, हे बघण्याची त्याला गरजच नसते. गंमत म्हणजे असे बहुतेक डबे आतून लिनक्सवरच चालतात. लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स असल्याचं २००३मध्ये लोकांच्या लक्षात आलं. लिनक्सचा परवानाच असा आहे की त्यावर बांधलेली वस्तू विकली तर त्याचा सोर्स कोडही खुला करावा लागतो. तो खुला झाला आणि त्यातूनच पुढे २००४मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा राउटरसाठीचा मुक्त प्रकल्प उभा राहिला. तेव्हा 'लिनक्सवर चालत नाही' असं सांगणाऱ्याच्या पिशवीतले डबे लिनक्सवर चालत असण्याची शक्यता पुष्कळ आहे. त्या मुलालाही मी फार बोल लावणार नाही. त्याला विंडोजच्या चार खिडक्या पाठ करून पाठवलेलं असतं, पाचवी दिसली की तो बिचारा गडबडतो.

पूर्वी मात्र या तक्रारीत तथ्य होतं. २००६च्या सुमारास, टेलिफोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड घरोघरी पोहोचत होतं, तेव्हा दौलतगंजातल्या एका वकीलसाहेबांनी मला बोलावलं. संगणकावर लिनक्स होतं आणि मोडेम यूएसबीच्या तारेने जोडलेला होता. यूएसबीने जोडलेल्या त्या मोडेमना संगणकात वेगळा ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र चालवणारा छोटा प्रोग्रॅम, लागायचा, काहींना तर दर वेळी चालू होताना फर्मवेअरची फाइल संगणकाकडून भरवावी लागायची. मी दोन संध्याकाळी ड्रायव्हर शोधण्यात घालवल्या. तिसऱ्या दिवशी धूळ पुसायला मोडेम उलटा केला तर मागे दुसरं पोर्ट, लॅनचं, त्यावर कागदी स्टिकर तसाच. स्टिकर काढला, लॅनची तार लावली, पाच मिनिटांत काम झालं. वकीलसाहेबांनी दोन संध्याकाळचे पैसे विचारले, मला सांगायची लाज वाटली. तेव्हापासून माझा नियम आहे की लॅनचं पोर्ट असेल तर यूएसबीकडे बघायचंसुद्धा नाही. तुमच्याकडे लॅनचीच तार आहे, त्यामुळे हा काटा निघाला.

तर मग ते लॉगिन. त्याला पीपीपीओई म्हणतात. नाव अवघड आहे, काम साधं आहे. जुन्या डायल-अपच्या काळात फोन लावून युजरनेम-पासवर्ड देण्याची जी पद्धत होती तीच १९९९मध्ये इथरनेटच्या तारेवर बसवली गेली. संगणक तारेवर एक हाक मारतो, कुणाचं नाव न घेता: 'जोडून देणारं कुणी आहे का?' पलीकडून, केबलवाल्याच्या खोलीतलं यंत्र म्हणतं, 'मी आहे.' संगणक म्हणतो, 'मग तुमच्याशीच बोलतो,' आणि ते यंत्र त्याला एक क्रमांक देतं. या चार निरोपांची नावं पीएडीआय, पीएडीओ, पीएडीआर आणि पीएडीएस. एवढं झाल्यावर मग युजरनेम-पासवर्ड विचारला जातो. हे सगळं तुम्हाला पाठ करायचं नाही, फक्त एवढं लक्षात ठेवा की गाडी दोनच ठिकाणी अडते: हाकेला ओ मिळत नाही, किंवा ओ मिळते पण पासवर्ड पटत नाही. दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत आणि लोक तासन्‌तास चुकीच्या बाजूला खोदत बसतात.

तुमचं मिंट सध्या हाकच मारत नाहीये. त्याला वाटतं की पलीकडे राउटर आहे आणि तो आपोआप पत्ता देईल. ते पाऊण मिनिट वाट बघतं, पत्ता मिळत नाही, पुन्हा प्रयत्न करतं, शेवटी 'कनेक्शन फेल्ड' म्हणतं. गोल फिरणारं चिन्ह म्हणजे ही वाट बघणं. त्यातही चांगली बातमी आहे: चिन्ह फिरतंय याचा अर्थ लॅन कार्ड, त्याचा ड्रायव्हर आणि तार, तिन्ही शाबूत आहेत. नाहीतर 'केबल अनप्लग्ड' असं काहीतरी दिसलं असतं.

सुरुवात किल्ली मिळवण्यापासून. कनेक्शन घेतानाची पावती किंवा फॉर्म असेल तर त्यावर युजर आयडी असतो. रिचार्जच्या एसएमएसमध्येही बहुतेक वेळा तो असतो. पासवर्ड मात्र क्वचितच सापडतो. केबलवाल्याच्या ऑफिसला फोन करून तो नवा करून घ्या. फोनवर लिनक्सचा उल्लेख करू नका, करायची गरजच नाही. एवढंच म्हणा: "भैया, मेरा पीपीपीओई का आईडी-पासवर्ड चाहिए, पासवर्ड नया करके मैसेज कर दो." लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी लागतात, आणि काही ठिकाणी आयडीच्या शेवटी ॲटचं चिन्ह लावून कंपनीचं नावही असतं, तेही आयडीचाच भाग आहे. गाळलं तर चालत नाही.

आता मिंटमध्ये. कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या चिन्हावर क्लिक केलं की 'नेटवर्क कनेक्शन्स' दिसेल, ते उघडा. आत 'वायर्ड कनेक्शन १' असं एक नाव असेल. ते निवडून खालच्या चाकाच्या चिन्हावर क्लिक करा, 'जनरल' या पानावर जा आणि 'कनेक्ट ऑटोमॅटिकली'ची खूण काढून सेव्ह करा. ही पायरी गाळू नका. ती गाळली तर जुनं कनेक्शन त्याच कार्डावर हक्क सांगत राहतं आणि नवं जोडलं की ते तोडतं, मग लोक म्हणतात 'दोन मिनिटं चालतं आणि जातं'. नंतर अधिकच्या चिन्हावर क्लिक करा, यादीतून 'डीएसएल/पीपीपीओई' निवडा. तुमच्याकडे फायबर आहे आणि इथे डीएसएल लिहिलंय म्हणून घाबरू नका, नाव जुनं राहिलंय एवढंच. नाव म्हणून इंग्रजीत 'होम' लिहा. 'पॅरेंट इंटरफेस'मध्ये तुमचं लॅन कार्ड निवडा. त्याचं नाव पूर्वी सगळीकडे ईटीएच-झिरो असायचं, आता ई-एन-पी-थ्री-एस-झिरो अशासारखं काही दिसेल. कार्ड मदरबोर्डवर कुठे बसलंय त्यावरून ते नाव पडतं. युजरनेम भरा, पासवर्ड भरा, 'सर्व्हिस' रिकामं ठेवा. रिकामं म्हणजे रिकामंच. पुष्कळ जण तिथे कंपनीचं नाव भरतात आणि मग हाकेला ओ देणारं कुणी राहत नाही, कारण त्या नावाची सेवा पलीकडे नसते.

पासवर्डच्या चौकोनाच्या उजव्या टोकाला एक छोटं चिन्ह असतं. त्यावर क्लिक करून पासवर्ड सगळ्या युजरसाठी साठवायचा पर्याय निवडा, म्हणजे संगणक चालू होताना तो दर वेळी विचारणार नाही. 'जनरल'मध्ये या नव्या कनेक्शनला 'कनेक्ट ऑटोमॅटिकली' लावा. सेव्ह करा आणि संगणक एकदा बंद करून चालू करा. कोपऱ्यातल्या यादीत 'होम' दिसलं तर त्यावर क्लिक करूनही जोडता येतं, पण सगळ्या डेस्कटॉपवर पीपीपीओईचं नाव त्या यादीत येतंच असं नाही. नाही दिसलं तर मेनूतून टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा. मी फोनवर सांगतो तसं सांगतो, टाइप इंग्रजीतच करायचं, सगळी अक्षरं लहान: एन-एम-सी-एल-आय, जागा, सी-ओ-एन, जागा, यू-पी, जागा, एच-ओ-एम-ई. कनेक्शनचं नाव मोठ्या एचने लिहिलं असेल तर इथेही मोठाच एच. आणि कीबोर्ड मराठीवर राहिलेला नाही ना, तेही बघा. हसू नका, मी स्वतः एकदा वीस मिनिटं मराठी कीबोर्डवर पासवर्ड टाइप करत होतो, आणि चौकोनात तर फक्त टिंबं दिसतात.

दहापैकी आठ घरी एवढ्यावर काम होतं. राहिलेल्या दोन घरांबद्दल सांगतो, कारण तुमचं घर कुठल्या बाजूला पडेल ते इथे बसून मला दिसत नाही.

जोडलं गेलं नाही तर का नाही, हे संगणकाने लिहून ठेवलेलं असतं. टर्मिनलमध्ये जे-ओ-यू-आर-एन-ए-एल-सी-टी-एल, जागा, उणे चिन्ह आणि लगेच यू, जागा, मग नेटवर्कमॅनेजर हा एकच शब्द, त्यात एन आणि एम मोठे. एंटर दाबल्यावर खूप ओळी येतील, 'एंड' कळ दाबली की शेवटाला पोहोचाल. तिथे पीएडीओची वाट बघून थकल्याचा, म्हणजे 'टाइमआउट वेटिंग फॉर पीएडीओ पॅकेट्स' असा निरोप असेल तर हाकेला ओ आलेली नाही. अशा वेळी पासवर्ड बदलत बसू नका, तिथपर्यंत गोष्ट पोहोचलेलीच नाही. आणि 'ऑथेंटिकेशन फेल्ड' दिसलं तर तार, डबा, फायबर सगळं उत्तम आहे, आता भांडण फक्त किल्लीचं.

ओ येत नसेल तर आधी डब्याकडे बघा. 'पॉन' लिहिलेला दिवा स्थिर हिरवा हवा. 'लॉस' लिहिलेला दिवा लाल असेल किंवा लाल लुकलुकत असेल तर डब्यापर्यंत प्रकाशच पोहोचत नाही. तेव्हा संगणकाशी काहीही करू नका, तक्रार नोंदवा. घरगुती फायबरच्या डब्यात साधारणपणे उणे ८ ते उणे २७ डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजायचं माप) इतका प्रकाश यावा लागतो. उणे २७च्याही खाली गेला की दिवा कधी हिरवा, कधी लाल असा खेळ सुरू होतो. लष्करातल्या जुन्या गल्ल्यांत तारा गच्चीगच्चीवरून जातात, माकडं त्यांना लोंबकळतात, पतंगवाले ओढतात, आणि खिडकीच्या चौकटीत तार काटकोनात दाबली की काचेच्या तंतूतला प्रकाश वाकणावरच बाहेर गळतो. फायबर वाकवायची तर बांगडीएवढा गोल सोडून वाकवा.

दिवे ठीक आहेत आणि तरी ओ नाही, तर मॅक ॲड्रेसचा मामला असू शकतो. काही केबलवाले तुमचं खातं पहिल्यांदा ज्या कार्डावरून जोडलं त्याच्या पत्त्याला बांधून ठेवतात. संगणक तोच, कार्ड तेच, तर मिंट घातल्याने हा पत्ता बदलत नाही, तो कार्डाचा असतो, विंडोजचा नसतो. पण मध्यंतरी लॅनचं पोर्ट बिघडून यूएसबीचं लॅन ॲडॉप्टर लावलं असेल तर पत्ता नवा झाला. पावसाळ्यात वीज कडाडली की आपल्याकडे ही पोर्टं जातात, विशेषतः ज्यांच्याकडे शेवटची तार तांब्याची आणि गच्चीवरून येते त्यांची. मग ऑफिसला सांगायचं, "मैक रीसेट कर दो," हे वाक्य त्यांना नेमकं कळतं. काही ठिकाणी फायबरच्या डब्याला व्हीलॅनचा, म्हणजे एकाच तारेवरची वेगवेगळी वाहतूक ओळखायचा, क्रमांक द्यावा लागतो, तो कंपनीकंपनीवर असतो आणि केबलवाल्यालाच विचारावा लागतो.

किल्लीचं भांडण असेल तर चुकीचा पासवर्ड हे एक कारण. दुसरं, जास्त फसवं: लाइट गेली, संगणक धाडकन बंद झाला, पण पलीकडच्या यंत्राला वाटतंय की तुम्ही अजून जोडलेले आहात. एका आयडीवर एकच जोडणी चालते, म्हणून ते तुम्हाला आत घेत नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबा, आपोआप सुटतं. आणि तिसरं कारण सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो: रिचार्ज संपलेलं असणं. दोन महिने संगणक लावला नसेल तर हे आधी बघा.

जोडलं गेलं, पण काही पानं उघडतात आणि काही अर्धवट लटकतात, बँकेचं पान तर हमखास, असं झालं तर कारण पाकिटाच्या मापात आहे. इथरनेटचं पाकीट १५०० बाइटचं. पीपीपीओई त्यातले ८ बाइट स्वतःच्या चिठ्ठीसाठी घेतं, उरले १४९२. मधल्या कुठल्या यंत्राला हे माप कळलं नाही तर मोठी पाकिटं वाटेत अडतात, छोटी जातात. 'होम'च्या खिडकीत एमटीयूच्या, म्हणजे पाकिटाच्या कमाल मापाच्या, चौकोनात १४९२ लिहून बघा. आणि उलट, पान एकही उघडत नाही पण टर्मिनलमध्ये 'पिंग' लिहून १.१.१.१ दिलं तर उत्तरं येतात, तर जोडणी झालेली आहे, फक्त नावाचा पत्ता शोधून देणारी डीएनएसची सोय बसलेली नाही. 'होम'मधल्या आयपीव्ही४च्या पानावर डीएनएस म्हणून तेच १.१.१.१ भरलं की सुटतं.

तुम्हाला कुणी 'पीपीपीओईकॉन्फ' नावाची आज्ञा वापरायला सांगेल. ती चांगली आहे, डेबियनवर मी अजूनही वापरतो, निळ्या पडद्यावर चार प्रश्न विचारते आणि काम करून देते. पण वरच्या खिडकीतून एकदा केलं असेल तर तीही चालवू नका. दोघांची नोंद वेगवेगळ्या ठिकाणी होते आणि मग एका कार्डावर दोन सासवा बसतात.

आता माझं खरं मत. हे सगळं संगणकावर एकदा करून बघा, नेट चाललं की आयडी-पासवर्ड बरोबर असल्याची खात्री झाली. त्यानंतर एक साधा वायफाय राउटर घ्या आणि तीच किल्ली त्याच्यात भरा. पांढऱ्या डब्यातली तार राउटरच्या 'वॅन' पोर्टमध्ये, राउटरच्या लॅन पोर्टातून तार संगणकात. मिंटच्या फायरफॉक्समध्ये राउटरच्या पाठीवर छापलेला पत्ता, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१, टाकला की त्याचं पान उघडतं. तिथे 'वॅन'मध्ये पीपीपीओई निवडायचं आणि तोच आयडी-पासवर्ड. सीडी लागत नाही, विंडोज लागत नाही. मग मिंटमधलं 'होम' काढून टाका आणि 'वायर्ड कनेक्शन १'ची खूण परत लावा. यापुढे संगणकावर काहीही घाला, नेटला त्याचं सोयरसुतक नाही. फोनलाही वायफाय मिळेल, सिमचा डेटा वाचेल.

राउटरचा आग्रह धरण्याचं दुसरं कारण सुरक्षेचं आहे. संगणक स्वतः लॉगिन करतो तेव्हा तो थेट बाहेरच्या जाळ्याला टेकलेला असतो, राउटर असला की मधे एक भिंत येते. राउटर येईपर्यंत मिंटच्या मेनूत 'फायरवॉल' शोधून ती चालू करा. मिंटमध्ये ती असते, पण बंद अवस्थेत येते.

राउटर घेतलात तर तो ठेवायचा कुठे, हा तुमच्या वाड्यात वेगळाच प्रश्न होईल. 'चिटणीस की गोठ' या मोहल्ल्यात माझ्या एका गिऱ्हाइकाच्या घरी भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या आहेत. दिवाणखान्यातलं वायफाय माजघरात शिरतं तेव्हा अर्धं राहतं आणि मागच्या खोलीत पोहोचतच नाही. तिथे मी महागडा राउटर न देता साधा राउटर चौकाकडे उघडणाऱ्या दाराच्या वर लावला आणि मागच्या खोलीत लॅनची तार नेली. चांगली लॅनची तार १०० मीटरपर्यंत कुरकुर न करता जाते, कुठल्याही वाड्याला पुरून उरते. फक्त पश्चिमेच्या खिडकीत डबा किंवा राउटर ठेवू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या पुढे जातो, आणि उन्हात तापलेला डबा दुपारी तीनला बंद पडून संध्याकाळी सातला आपोआप बरा होतो. अशा तक्रारीवर लोक तीन-तीन वेळा कंपनीचा माणूस बोलावतात.

विंडोज परत घालायचं का, असंही तुम्ही विचारलंय. नेटसाठी म्हणून तर मुळीच नको. भाच्याने मिंट २२ घातलं असेल तर त्याला २०२९पर्यंत अपडेट्स मिळतील. एखादं खास काम असेल, म्हणजे फक्त विंडोजवर चालणारा हिशेबाचा प्रोग्रॅम किंवा डिजिटल सहीची जुनी किल्ली, तर गोष्ट वेगळी. तसं काही तुमच्या लिहिण्यात दिसलं नाही.

एक आणखी, तुमच्यासाठी नाही पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी: अजून टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर असाल तर मोडेममध्येच व्हीपीआय आणि व्हीसीआय असे दोन आकडे लागतात, बीएसएनएलच्या एडीएसएलसाठी ते ० आणि ३५. मोडेम रीसेट केला की हे आकडे पुसले जाऊ शकतात आणि दोष फुकट लिनक्सवर येतो.

आधी मोबाइल डेटा बंद करून फोन तपासा आणि मग ऑफिसला फोन करून पासवर्ड नवा करून घ्या, या क्रमाने. अडलात तर मला दोन गोष्टी कळवा: डब्यावरचा कुठला दिवा कुठल्या रंगाचा आहे, आणि टर्मिनलमधल्या शेवटच्या आठ-दहा ओळी. फोटो काढलात तरी चालेल, फक्त आयडी आणि पासवर्ड बोटाने झाका.